घर स्वस्त केव्हां म्हणावें?

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. एका कुटुंबानें एक घर बांधावयाचें म्हटलें तरी पैसा, वेळ व श्रम यांचे अंदाज चुकतात, हा तिचा भावार्थ. मग एखाद्या शहरानें हजारों गरीब कुटुंबांसाठीं घरें बांधण्याचें मनावर घेतलें, तर अंदाज किती ठिकाणीं चुकत असतील याची कल्पनाच करावी! आपल्या मुंबई शहरानें हा उद्योग सव्वाशें वर्षें चालविला आहे. त्यांत कांहीं गोष्टी साधल्या, पुष्कळ फसल्या. आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी चाळींत राहतात, कित्येक पुनर्वसनाच्या उंच इमारतींत राहतात, आणि कित्येकांच्या घरीं सध्यां ‘आपली चाळ पाडणार, नवी इमारत होणार’ हीच चर्चा चालू आहे. अशा वेळीं या दीर्घ अनुभवाचें सार विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें निदान केलें आणि सर्व शहराची झोंप उडाली. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवा पसरवितात हें त्या वेळीं ठाऊक नव्हतें. दाट वस्ती, ओल, अंधार व कोंदट हवा यांतूनच तो उत्पन्न होतो असा समज होता. तो समज पूर्णपणें बरोबर नसला तरी ज्या खोल्यांकडे त्यानें बोट दाखविलें त्या खरोखरच राहण्यास अयोग्य होत्या. एकेका खोलींत एकाहून अधिक बिऱ्हाडें, मधल्या खोल्यांना खिडकीच नाहीं आणि दोन चाळींच्या मधून उघडें गटार, अशी अनेक ठिकाणीं स्थिति होती.

यावर उपाय म्हणून १८९८ सालीं कायदा होऊन ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ निर्माण झाला. दाट वस्तींतून रुंद रस्ते काढावे, म्हणजे समुद्रावरील वारा शहराच्या पोटांत शिरेल, अशी त्याची योजना होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते याच योजनेंतून झाले. दादर व माटुंगा येथें झाडांनीं वेढलेल्या, रुंद रस्त्यांच्या ज्या नमुनेदार वसाहती आज आपण पाहतों, त्यांचीही आंखणी ट्रस्टचीच. परंतु त्या वसाहती मुख्यतः मध्यम वर्गाच्या वांट्यास आल्या. गरिबांच्या वांट्यास मात्र प्रथम पाडापाडी आली. ट्रस्टनें आग्रीपाडा, परळ वगैरे भागांत मजुरांसाठीं चाळी बांधल्या हें खरें. परळच्या ट्रस्ट चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें बरींच वर्षें वास्तव्य होतें. तथापि पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनें जितकीं घरें पाडलीं तितकीं नवीं बांधून झालीं नव्हतीं. निघालेलीं माणसें काम सोडून दूर जाऊं शकत नव्हतीं. तीं शेजारच्याच चाळींत शिरलीं, तेथील गर्दी वाढली आणि भाडींही वाढलीं. एका गल्लींतील रोग काढून तो दुसऱ्या गल्लींत नेऊन ठेवावा, तसा हा प्रकार झाला.

ही चूक ज्यांनीं अचूक हेरली त्यांत पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. ते १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, त्यांनीं येथील अनेक शहरें पायीं हिंडून पाहिलीं आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांचें म्हणणें असें कीं, शहर हें यंत्र नव्हे, तो जिवंत देह आहे. देहावर शस्त्र चालवितांना वैद्य जसा केवळ सडका भाग काढतो व निरोगी भाग राखतो, तसें शहराचें करावें. जें घर खरोखर मोडकळीस आलें असेल तेवढेंच पाडावें, त्या मोकळ्या जागेंत चौक करावा, झाड लावावें, विहीर साफ करावी. उरलेलीं घरें दुरुस्त करावीं. असें केल्यानें खर्च थोडा होतो आणि माणसें उठवावीं लागत नाहींत.

गेडिस यांची इंदूरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. होळकरांच्या त्या राजधानींत प्लेगची धास्ती होती आणि नवीन माणूस गल्लींत येऊन मोजमाप करूं लागला कीं हा आपलें घर पाडणार, या भीतीनें लोक त्याच्याकडे संशयानें पाहत. तेव्हां गेडिस यांनीं महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलें कीं, यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या गल्लींतील लोक आपलीं घरें व आंगण सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील त्या गल्लींतून ती जाईल. मग काय विचारतां! गाड्यांच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला, भिंतींना चुना लागला आणि मिरवणुकीच्या शेवटीं प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळण्यांत आली, असें सांगतात. यांतील तात्पर्य उघड आहे. वस्तीचा उद्धार बाहेरून येत नाहीं. तेथील माणसांस त्यांत आपला वांटा दिसला, तरच तो होतो.

परंतु मुंबईनें हें तात्पर्य मनावर घेतलें नाहीं. १९२० सालीं गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दींत ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झालें. त्याचीं इंग्रजी आद्याक्षरें धरून ‘बी. डी. डी. चाळी’ हें नांव आजही चालू आहे. मजुरांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता आणि त्यासाठीं कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उठल्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या व प्रत्येक खोली १६० चौरस फूट. बांधकाम लोखंड घातलेल्या काँक्रीटचें व इतकें मजबूत कीं, शंभर वर्षांनींही त्यांतील पुष्कळ चाळी उभ्या होत्या. तरीही वरळीच्या अनेक चाळी प्रथम बरींच वर्षें रिकाम्या राहिल्या! कारण भाडें साध्या चाळीपेक्षां अधिक, जागा गिरण्यांपासून दूर, आणि भोंवतीं ना बाजार, ना धड वाहतुकीची सोय. ज्या मजुरासाठीं ती खोली बांधली त्याला ती परवडत नव्हती. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत सरकारनें त्यांतील कांहीं चाळींचा तात्पुरत्या तुरुंगासारखा उपयोग केला. मजुरांसाठीं बांधलेल्या घरांत सत्याग्रही कैदी रहावयास आले, याहून या योजनेवरील बोलकी टीका कोणती असूं शकेल?

पुढें गिरणगांव वाढला, वरळीपर्यंत वस्ती पोंचली आणि त्याच चाळी गजबजून गेल्या. तेथें व इतर चाळींत जें जीवन उभें राहिलें तें कोणत्याही आराखड्यांत आंखलेलें नव्हतें. कोंकणांतून व घाटावरून एकट्यानें आलेल्या गिरणी कामगाराला चाळींतील एखादी बाई महिन्याच्या हिशेबानें जेवूं घाली. या खानावळवाल्या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संस्था १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं उभी केली. गिरगांवांतील केशवजी नाईक यांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. चाळीची लांब गॅलरी हीच मुलांची अभ्यासिका, वृद्धांचा कट्टा आणि आजाऱ्याची विचारपूस करण्याची जागा. या उणीवांच्या संसाराचें उगाच गुणगान करूं नये. सामाइक संडासापुढील रांग व रात्रीं गॅलरींत निजणारे पुरुष हेंही त्याच जीवनाचें अंग होतें. तथापि शेजार ही मोठी संपत्ति आहे आणि ती नकाशावर दिसत नाहीं, एवढें आपण ध्यानांत ठेवूं.

आतां दुरुस्तीचा विचार करूं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें घरांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. युद्धानंतरच्या महागाईंत व टंचाईंत भाडेकरूला तें संरक्षण हवेंच होतें. परंतु वर्षांमागून वर्षें गेलीं, चुना, लोखंड व मजुरी यांचे दर कित्येक पटींनीं वाढले आणि भाडें मात्र जेथल्या तेथें राहिलें. मालकानें दुरुस्ती सोडून दिली. पावसाळ्यांत इमारती कोसळूं लागल्या व माणसें दगावलीं. शेवटीं १९६९ सालीं कायदा होऊन इमारतींवर उपकर बसविण्यांत आला व दुरुस्तीसाठीं मंडळ नेमण्यांत आलें. त्या वेळीं अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. यावरून शिकावयाचें तें हें कीं, घराची किंमत एकदां देऊन संपत नाहीं. छप्पर, नळ, मोरी व रंग यांसाठीं दरसाल कांहीं तरी बाजूला काढावें लागतें. तें कोण काढणार, हें ज्या योजनेंत ठरलेलें नाहीं ती योजना आज कितीही स्वस्त दिसो, पुढें ती महागच पडते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. शहराच्या मध्यावर सुमारें सहाशें एकर गिरण्यांची जमीन! १९९१ च्या विकास नियमांत अशी तरतूद झाली कीं, त्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठीं महापालिकेस, एक भाग सामान्यांच्या घरांसाठीं गृहनिर्माण मंडळास आणि एक भाग मालकास मिळावा. २००१ सालीं हा नियम बदलण्यांत आला. संपूर्ण जमिनीऐवजीं जेवढी आधींपासून रिकामी तेवढ्याच जमिनीची वांटणी करावी, असें ठरलें. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ सालीं न्यायालयानें बदललेला नियम कायम केला. बागांना व घरांना मिळणारी जमीन फारच थोडी उरली. आज लोअर परळ येथें गेल्यास कांचेच्या उत्तुंग कचेऱ्या व मोठमोठीं दुकानें दिसतात. त्या भागाचें रूप पालटलें यांत शंका नाहीं. पण ज्यांच्या श्रमानें तो भाग वसला त्यांपैकीं असंख्य कुटुंबें डोंबिवली, विरार अशा दूरच्या गांवीं गेलीं किंवा मुलुखाला परत गेलीं. जागा सुधारली, परंतु त्या जागेचीं माणसें तेथें उरलीं नाहींत, तर त्यास पुनरुज्जीवन म्हणावें काय? या प्रश्नाचें उत्तर वाचकांनींच द्यावें.

झोपडपट्टींतील लोकांसाठीं १९९५ सालीं निराळी योजना निघाली. तिचें गणित सोपें आहे. विकासकानें झोपडीधारकांस त्याच जमिनीवर विनामूल्य घर द्यावें. त्याबद्दल त्यास अधिक बांधकामाची परवानगी मिळावी. तीं जादा घरें बाजारभावानें विकून त्यानें खर्च भरून काढावा. प्रथम हें घर २२५ चौरस फुटांचें होतें, पुढें २६९ व नंतर ३०० चौरस फुटांचें झालें. सरकारच्या तिजोरींतून पैसा जात नाहीं, हा या युक्तीचा गुण. दोष असा कीं, पुनर्वसनाच्या इमारती जितक्या थोड्या जमिनींत दाटीनें बसतील तितकी विक्रीसाठीं अधिक जमीन मोकळी होते. म्हणून दाटी करण्याचा मोह त्या गणितांतच दडलेला आहे.

प्रकल्पांमुळें विस्थापित झालेल्यांसाठीं गोवंडी-मानखुर्द भागांत ज्या वसाहती झाल्या त्यांतही हीच दाटी आली. एका वसाहतींत सात मजल्यांच्या इमारतींमधील अंतर अवघें तीन मीटर. सात मजले म्हणजे वीस-बावीस मीटरांची उंची. इतक्या अरुंद फटीतून खालच्या खोल्यांत ऊन उतरणार तरी कसें? २०१८ सालीं डॉक्टरांनीं व अभियंत्यांनीं मिळून या वसाहतींची पाहणी केली. जेथें प्रकाश व वारा कमी, तेथें क्षयरोग अधिक, असें त्यांना आढळून आलें. १८९६ च्या अंधाऱ्या खोल्यांच्या भीतीनें ज्या शहरानें डोंगराएवढा पैसा ओतला, त्यानेंच सव्वाशें वर्षांनीं नव्या विटांच्या अंधाऱ्या खोल्या बांधल्या. फुकट मिळालेलें घर जर औषधोपचारांत महिन्याची मिळकत खात असेल, तर तें फुकट कसलें?

मग याहून बरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो मुंबईनेंच एकदां चोखाळून पाहिला आहे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जानें कांदिवलीजवळ चारकोप व बोरिवलीजवळ गोराई येथें एक निराळाच प्रयोग झाला. सरकारनें तयार घर दिलें नाहीं. लहान भूखंड, रस्ता, नळ, गटार व संडासाची सोय एवढेंच दिलें. घर ज्याचें त्यानें, आपल्या ऐपतीप्रमाणें बांधावयाचें. प्रथम एक खोली, मुलगा मिळवता झाला कीं माडी, असें तें वाढत जाई. सुमारें ३५ भूखंड एका सामाइक चौकाभोंवतीं आंखलेले, आणि त्या प्रत्येक गटाची सहकारी गृहरचना संस्था. थोडे मोठे भूखंड बाजारभावानें विकून त्या नफ्यांतून लहान भूखंडांची किंमत उतरविण्यांत आली. आरंभीं तेथें वस्ती होईना. पुष्कळांनीं या प्रयोगास अपयशी ठरविलें. परंतु वीस वर्षांनीं पाहतां तेथें शाळा, दुकानें, झाडें व पक्कीं घरें यांनीं भरलेली नांदती वस्ती उभी राहिलेली दिसली. कांहीं मूळ भूखंडधारकांनीं जागा विकल्या व अधिक ऐपतीचे लोक आले, हेंही नमूद केलें पाहिजे. तथापि सरकारचा थोडा पैसा व लोकांचा मोठा उद्यम यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

खर्च कमी ठेवणें आणि निसर्गाशीं वैर न धरणें, या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक त्या बहुधा एकत्र नांदतात. केरळांत अनेक वर्षें काम केलेले लॉरी बेकर हे वास्तुशिल्पी भिंतींत विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या ठेवीत, त्यामुळें भिंतीच्या पोटांत पोकळी राही. अशा भिंतीस सुमारें एक चतुर्थांश विटा कमी लागतात, आणि पोकळींतील हवा बाहेरची उष्णता आंत येऊं देत नाहीं. विटा भाजण्यास कमी इंधन, मालकास कमी खर्च आणि राहणारास गारवा, असा तिहेरी लाभ. त्याचप्रमाणें समोरासमोर दोन खिडक्या असल्या कीं वारा खेळतो व पंख्याची वीज वांचते. जुनें सागवानी लांकूड व दगड पुन्हां वापरले कीं पैसाही वांचतो आणि डोंगरही.

आतां थोडें अंकगणित करूं. समजा, एका कुटुंबास शहरापासून दूर एक घर मिळालें. त्याचा मासिक हप्ता जवळच्या घरापेक्षां तीन हजार रुपयांनीं कमी आहे. घरांतील दोन माणसें कामास जातात. दोघांच्या प्रवासास मिळून महिना दोन हजार लागले, आणि आई रोज तीन तास गाडींत गेल्यामुळें तिचें दुपारचें शिवणकाम बुडून आणखी दोन हजार गेले, तर तें ‘स्वस्त’ घर महिना एक हजारानें महाग पडलें! आणि मुलांना शाळा सोडावी लागली तर तिचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा?

या सर्व विवेचनावरून एवढें निश्चित होतें कीं, बांधण्याची किंमत कमी म्हणजे घर स्वस्त, ही व्याख्या अपुरी आहे. ज्या घरांत राहून माणसाला आपलें काम, आरोग्य व शेजार सांभाळतां येतो आणि ज्याची निगा आपल्या मिळकतींतून राखतां येते, तेंच घर त्याच्यापुरतें स्वस्त. आणि अशीं घरें जेथें असतील तीच वस्ती पुन्हां भरभराटीस येते. कारण तिचीं माणसें तीच राहतात व त्यांची स्थिति सुधारते.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींचें पुनर्बांधकाम सध्यां चालू आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलींतून तीं कुटुंबें ५०० चौरस फुटांच्या घरांत गेलीं, आणि तींही त्याच वरळींत. शंभर वर्षांपूर्वीं ज्या योजनेंत जागेचा विचार चुकला होता तेथें ही गोष्ट साधली, ही मोठी समाधानाची बाब होय. मात्र चाळीस मजल्यांच्या इमारतीस लिफ्ट लागते, पाणी चढविण्यास पंप लागतो, आग विझविण्याची साधनें चालू ठेवावीं लागतात. त्यांचा खर्च वर्षानुवर्षें कसा भागतो, यावरच त्या घरांचें भवितव्य अवलंबून राहील.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं आज ना उद्यां संमतीचा कागद येईल. वडील मंडळी दिवसभर कामांत असतात, कागदावरची भाषा किचकट असते, आणि घरांत तो वाचूं शकणारे बहुधा आपणच असतां. सही होण्यापूर्वीं तो शांतपणें वाचून दाखवा आणि पुढील प्रश्न विचारा. नवें घर याच जागीं मिळणार कीं दुसरीकडे? बांधकाम चालू असतां राहावयाचें कोठें, आणि तें भाडें किती वर्षें मिळेल? समोरची इमारत किती मीटर दूर असेल व खालच्या मजल्यावर ऊन येईल काय? दरमहा देखभालीस किती पैसे लागतील? इमारतीची संस्था कोण चालविणार, आणि तिच्या सभेंत आपल्या आईला बोलतां येईल काय? यांतील कोणताही प्रश्न विचारण्यास अभियंता असावें लागत नाहीं. मोजपट्टी, वही व थोडें धैर्य एवढें पुरे. उत्तरें मिळालीं नाहींत तर शेजाऱ्यांना बोलवा व सर्वांनीं मिळून पुन्हां विचारा. सही मागाहून करतां येते. केलेली सही परत घेणें फार कठीण असतें.